खुराड्याचं दार, दोन बोटं सैल

कपडे शिवणाऱ्या माणसाला लोक मास्तर का म्हणतात देव जाणे, पण आपल्या या मास्तरांना ते नाव शोभून दिसायचं. चाळीस वर्षं मशीन चालवून स्वभावही मशीनसारखाच झाला होता. एकदा टीप धरली की धरली, मध्ये बोट आलं तरी थांबणं नाही. रस्त्यानं चाललेल्या माणसाच्या कमरेकडे नुसतं बघून ते अर्ध्या इंचाच्या आत माप सांगत. आणि गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं, तरी त्याला तोंडावर कधी तसं म्हणायचे नाहीत. "कापड आटलंय हो," म्हणायचे, दोन बोटं शिवण सोडायचे, आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं. आता गंमत अशी, की चाळीस वर्षं ही थाप मारली की माणसाला स्वतःलाच ती खरी वाटायला लागते. मास्तरांचं तेच झालं.

घर लहान. पुढच्या खोलीत मशीन, कापायचं टेबल, खुंट्यांवर लटकलेले शर्ट आणि शाळेचे गणवेश. मागे स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांच्या कडेनं अंगण, त्यात एक लिंबाचं झाड आणि एक जुनी पत्र्याची खोली. मशीनशेजारच्या खिडकीतून अख्खं अंगण दिसायचं. घरात माणसं तीनच: मास्तर, त्यांची बायको आणि सून. मुलगा दूरच्या कारखान्यात, दोन महिन्यांतून एकदा उगवायचा, झोपा काढायचा आणि परत जायचा.

सून सहा वर्षांपूर्वी या घरात आली, आणि आल्याच्या तिसऱ्या दिवशी मास्तरांनी तिच्यासमोर शर्टांचा ढीग टाकला. तेव्हापासून काजं आणि बटणं तिच्याकडे. कामात खोट काढायला जागा नाही अशी पोरगी. आणि खोट काढायला जागा नसली की मास्तर गप्प बसत. तीच त्यांची शाबासकी. आता गप्प बसून दिलेली शाबासकी समोरच्याला कळावी कशी, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगावं?

तर एके दिवशी ही सून खोक्यातून नऊ पिल्लं घेऊन आली. आठ माद्या, एक नर. महिन्याची पिल्लं, नुकतीच पिसं फुटलेली, तांबडी, करडी, ठिपक्यांची. पाठोपाठ स्कूटरवरून जनावरांची डॉक्टरीण उतरली. उंच, सडसडीत, हातात लशींचा डबा.

"हे काय आणि?" मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं.

"कोंबड्या आहेत, बाबा," सून म्हणाली.

"ते दिसतंय मला. आंधळा झालो नाही अजून."

डॉक्टरीण हसली. "दिसायला गावठीच आहेत, काका. आपलं आपण उकरून खातात, मांजर आलं तर झाडावर चढतात. फक्त जात सुधारलेली आहे. अंडी गावठीच्या दुप्पट."

"जात सुधारलीय म्हणजे माझ्या शर्टांवर घाण करायच्या आधी परवानगी मागणार का?" मास्तर कडाडले. "अंगणात माझं धुतलेलं कापड वाळतं. या घरात कोंबड्या टिकतात कशा तेच बघतो मी!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे ते मास्तरांच्या घशात काट्यासारखं अडकणार आहे. बोलून झाल्यावर त्यांनी मशीनचा पायटा असा काही हाणायला सुरुवात केली की भिंतीवरचं कॅलेंडर हलायला लागलं. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून डॉक्टरीण सुनेला अर्धा तास काय काय समजावत होती. किती खायला द्यायचं, कधी द्यायचं, काय द्यायचं नाही. सून वहीत लिहून घेत होती, सासूबाई मध्येमध्ये मान हलवत होत्या आणि आत भाजीला फोडणी देत होत्या. मास्तरांच्या कानावर यातला एक शब्द पडला नाही. पडू नये म्हणूनच तर मशीन चालू होतं.

खरी बातमी त्यांना बायकोकडून कळली. पुढच्या वर्षी गावात एक दिवसाची दोनशे पिल्लं यायची होती. ती कुणाच्या तरी घरी दिव्याखाली उबेत चार आठवडे सांभाळायची, लशी द्यायच्या, आणि पिसं फुटली की घरोघरी वाटायची. पिल्लांचं घर म्हणत होते त्याला. ते घर कुणाला द्यायचं, हे डॉक्टरीण ठरवणार होती. त्यासाठीच तिनं दोन घरी कोंबड्या दिल्या होत्या, यांच्या आणि गिरणीवाल्याच्या बायकोच्या. जिच्या कोंबड्या नीट अंडी घालतील, तिला पिल्लांचं घर.

"पत्र्याच्या खोलीत दिवा कुठं टांगायचा तेसुद्धा तिनं ठरवून ठेवलंय," बायको म्हणाली. "अहो, तिला काजं करायची नाहीत आता. आपलं काही तरी करायचंय. सहा वर्षांत पहिल्यांदा पोरीनं काही मागितलंय, तुम्ही मोडता घालू नका."

"मी कशाला मोडता घालू?" मास्तर म्हणाले. पण काजांचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. इतकी देखणी काजं करणारी पोरगी, आणि तिला ती करायचीच नाहीत! हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

पिल्लं वाढली. पाच महिन्यांत एकेक कोंबडी अशी उजळली की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबायला लागली. मास्तर खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करत. एक ठिपक्यांची कोंबडी मात्र त्यांना बधली नाही. ती दुपारी सरळ पुढच्या खोलीत शिरायची, मशीनच्या टेबलाखाली जायची आणि मास्तरांच्या डाव्या पायावर बसून डोळे मिटायची. मास्तरांनी दोनदा हाकलली. तिसऱ्यांदा पाय हलवला तर टीप वाकडी जाईल म्हणून हाकलली नाही. चौथ्यांदा ती यायला उशीर झाला, तर हा गृहस्थ खिडकीतून मान बाहेर काढून बघतोय! तिचा तोरा बघून त्यांनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. आणि या आत्याबाईंनी आपलं पहिलं अंडं घातलं ते कुठं? तर चिंध्यांच्या टोपलीत, मास्तरांच्या डोळ्यांदेखत. मास्तरांनी ते गरम अंडं तळहातावर घेतलं, इकडेतिकडे बघितलं, आणि घर डोक्यावर घेतलं. "अगं ए! बाहेर या सगळ्या! बघा काय दिलंय माझ्या पोरीनं!"

माझ्या पोरीनं. आता बोला!

त्या दिवसापासून मास्तर बदलले. घरात सगळ्यांच्या आधी त्यांना जाग यायची. ते हळूच उठायचे, मक्याचे दाणे भरलेला बटणांचा रिकामा डबा घ्यायचे, खुराड्याचं दार उघडायचे आणि लिंबाखाली स्टूल टाकून बसायचे. नऊ जणी-जण भोवती गोळा. मास्तर मुठी मुठीनं मका टाकायचे आणि त्यांच्याशी गप्पा मारायचे. अख्ख्या आयुष्यात माणसांशी बोलले नसतील तेवढं बोलायचे. उजाडून घरात भांड्यांचा आवाज झाला की डबा बगलेत मारून आत, आणि चेहरा असा गंभीर की जणू रात्रभर हिशोबाचा विचार करत होते. सुनेसमोर कोंबड्यांचे लाड करायचे म्हणजे हार मानल्यासारखं झालं असतं. ते कसं चालेल?

सुरुवातीला रोज पाच अंडी, कधी सहा. सून फुलून गेली होती. शर्टाला बटण लावता लावता गुणगुणायची. मग पाचाची चार झाली, चाराची तीन. पावसाळी हवा आहे, होतं असं, म्हणून सासूबाईंनी धीर दिला. पण तिनाची दोन झाली, आणि एक दिवस असा आला की टोपलीत एकच अंडं, तेही कवच इतकं पातळ की हातात घेताच फुटलं.

गिरणीवाल्याची बायको दळण घेऊन जाणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, "माझ्याकडं रोज सहा." गावात बातमीला पाय लागत नाहीत, तिला पंखच असतात.

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. अंडी कुठं लपवून घालतायत का म्हणून तिनं लाकडांचा ढीग उपसला, पत्र्यावर चढून बघितलं, कुंपणाच्या कडेनं हातात काठी घेऊन फिरली. मुंगूस खातंय का म्हणून कुंपणाशी राख पसरून पावलं बघितली. पावलं सापडली, पण ती कोंबड्यांचीच. औषध झालं, पाणी बदललं, शिंपल्यांचा चुरा घातला. मास्तर मशीनवरून हे सगळं बघत होते. बिचाऱ्या पोरी अशक्त झाल्या असतील, त्यांनी ठरवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून एका डब्याचे दोन डबे केले.

दार अडकायला लागलं ते त्याच सुमाराला. म्हणजे दार नव्हे, कोंबड्या. खुराड्याचं दार सुतारानं माप घेऊन केलं होतं, कोंबडी आरामात जाईल एवढं. एका सकाळी आत्याबाई त्यात मध्येच अडकल्या. पुढचं अर्धं अंग बाहेर, मागचं आत, आणि आरडाओरडा असा की शेजारची कुत्री जागी झाली. मास्तरांनी ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी करडी अडकली. मास्तरांनी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

"लाकूड फुगलंय," ते आत्याबाईंना म्हणाले. "ओल्या लाकडाचं दार केलंय गाढवानं."

त्याच दिवशी त्यांनी सुताराला बोलावून चार शब्द सुनावले. सुतार शपथा घेत होता की लाकूड खडखडीत वाळलेलं होतं. मास्तर ऐकतात होय? शेवटी त्याच्याकडून पटाशी घेतली आणि दार दोन्ही बाजूंनी एकेक बोट मोठं केलं. कोंबड्या पुन्हा झोकात बाहेर पडल्या. चाळीस वर्षांचा शिंपी! रस्त्यापलीकडच्या माणसाची कंबर ओळखणारा! आणि मांडीवर घेऊन बसतो त्या कोंबडीचं पोट त्याला दिसेना. माया ही अशी असते बघा. सुतार पटाशी घेऊन गेला तो अजून रुसलेला आहे.

सून पायरीवर उभी राहून हे बघत होती. तिनं दाराकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि आत गेली.

डॉक्टरीण यायच्या दिवशी टोपलीत एक अंडं होतं. सुनेनं ते धुऊन पुसून टोपलीच्या मधोमध ठेवलं होतं, जणू मधोमध ठेवल्यानं एकाची दोन होणार होती. मास्तरांना ते बघवेना. ते मशीनवर बसले, पण आज पायटा हलत नव्हता. आज त्यांना एकेक शब्द ऐकायचा होता.

डॉक्टरिणीनं अंगणात येऊन नुसत्या कोंबड्यांकडे बघितलं आणि तिची भुवई वर गेली. तिनं वाकून आत्याबाईंना उचललं. उचलताना "अगं बाई!" असं तिच्या तोंडून निघून गेलं. कोंबडी बगलेत धरून तिनं शेपटीखाली बोटं लावली.

"इकडे बघ," ती सुनेला म्हणाली. "अंडी घालणाऱ्या कोंबडीची ही दोन हाडं एकमेकांपासून लांब होतात. मध्ये तीन बोटं बसली पाहिजेत. इथं बघ, एक बसत नाही. सगळी चरबी. अंड्याला वाटच नाही." मग दुसरी उचलली, तिसरी उचलली. "सगळ्यांचं तेच. तुला पहिल्याच दिवशी बजावलं होतं ना? संध्याकाळी प्रत्येकीला एक मूठ, बस्स. बाकीचं त्यांचं त्या शोधतील. फाजील लाड केले तर अंडी बंद. काय घालतेस यांना?"

"मूठभरच घालत होते," सून म्हणाली. "गेले बारा दिवस तेही बंद केलंय."

"बारा दिवस उपाशी आणि ही चरबी?" डॉक्टरिणीचा आवाज कोरडा झाला. "ताई, माणसं काहीही सांगतात. कोंबडी सांगत नाही. दोनशे पिल्लं म्हणजे खेळ नाही. तिथं माप चुकलं की जीव जातात. जिला आठ कोंबड्यांचं माप पाळता येत नाही, आणि वर मला खरंही सांगता येत नाही, तिच्या हवाली मी कशी करू?"

सून खाली बघत उभी राहिली. कान लाल झालेले.

खिडकीत मास्तर बसल्या जागी थंड पडले. फाजील लाड केले तर अंडी बंद. एक मूठ. आणि आपण दोन डबे! त्यांनी कोंबड्यांकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा शिंप्याच्या डोळ्यांनी बघितलं. आत्याबाई चालत नव्हत्या, डुलत होत्या. करडीची मान अंगात रुतली होती. कोंबडा कुंपणावर उडी मारायला गेला आणि निम्म्यातून खाली आला. हे काय लाकूड फुगल्याचं लक्षण होतं?

उठावं आणि सांगावं. सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्टच कठीण असते मेली. पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत आपण काय म्हणालो होतो? या घरात कोंबड्या टिकतात कशा तेच बघतो. आता 'मीच खाऊ घालत होतो' म्हटलं, तर पोरगी काय समजेल? म्हाताऱ्यानं मुद्दाम केलं. काजांवरून उठू नये म्हणून माझ्या तोंडचा घास काढला. ती तसं म्हणाली नाही तरी मनात धरेल, आणि ते मरेपर्यंत धुतलं जायचं नाही. गप्प बसावं तर पिल्लांचं घर गिरणीवाल्याकडे जाईल, बाकी काही होणार नाही. सून काजं करत राहील. देखणी काजं. रोज समोर बसून, न गुणगुणता.

मास्तर उठले. गळ्यात टेप, कानाला खडू, तसेच अंगणात आले.

"डॉक्टरीणबाई, तिला बोलू नका," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "ती खोटं बोलत नाही. मी घालत होतो. रोज सकाळी. मका. आधी एक डबा, मग अशक्त झाल्या म्हणून दोन."

"डबा?" डॉक्टरीण म्हणाली. "केवढा?"

मास्तरांनी हातानं दाखवला. शिंप्याचा हात, त्यात खोट कसली. डॉक्टरिणीनं कपाळाला हात लावला.

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द त्या तोंडातून बाहेर पडताना चाळीस वर्षांत कुणी ऐकले नव्हते. स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं. मास्तर सुनेकडे वळले, पण तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही, म्हणून तिच्या पायांकडे बघून बोलत राहिले. "पोरी, मी मुद्दाम केलं नाही गं. तुझी शपथ. मी त्या दिवशी नको ते बोललो, पण मला... मला या कोंबड्यांचा लळा लागला. सांगायची लाज वाटली. तुझं काम बुडावं असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही."

तेवढ्यात बायको दारात आली. हातात पडलेल्या पातेल्याचं झाकण.

"अहो, एकटेच काय शिव्या खाताय?" ती म्हणाली. "दुपारी तुम्ही आडवे झालात की उरलेला भात मी घालते त्यांना. वर थोडं दूधही. पोरीनं संध्याकाळचं बंद केलं तेव्हा माझा जीव कळवळला, म्हणून थोडा जास्तच शिजवायला लागले."

"पहिल्या दिवशी तूही बसली होतीस ना ऐकायला?" मास्तर म्हणाले.

"बसले होते. पण माझं लक्ष फोडणीकडं होतं."

डॉक्टरीण हसू आवरायचा प्रयत्न करत होती आणि तिला ते जमत नव्हतं. "म्हणजे सकाळी मका, दुपारी दूधभात! काकू, या कोंबड्या अंडी कशाला घालतील? यांना जावई करून घेतलंय तुम्ही." मग ती सुनेकडे वळली आणि गंभीर झाली. "पण एक मला कळत नाही. संध्याकाळचं तू का बंद केलंस? तुला कळलं होतं, होय ना?"

सुनेनं मान हलवली. "दुपारचं नव्हतं माहीत. सकाळचं कळलं होतं. दार कापलं त्या दिवशी शंका आली, दुसऱ्या दिवशी लवकर उठून बघितलं. बाबा मका घालत होते. म्हटलं, आपलं बंद करावं म्हणजे बरोबर होईल. झालं नाही. दुपारचं धरलं नव्हतं ना मी."

"अगं, मग सरळ सांगायचं ना त्यांना! बारा दिवस! तुझं पिल्लांचं घर हातचं चाललं होतं!"

सून बोटाला बोट घासत राहिली. मग म्हणाली, "रोज ठरवायचे, उद्या सांगायचं. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहायचे. पण बाबा त्यांच्याशी बोलत असायचे." तिचा आवाज कापला. "माझ्याबद्दल बोलायचे. म्हणायचे, बायांनो, माझ्या सुनेला खाली बघायला लावू नका. म्हणायचे, तिच्यासारखी गुणी पोरगी दिवा घेऊन शोधली तर सापडायची नाही. तिच्या हाताला जे लागतं त्याचं सोनं होतं, तुमचंही होईल. सहा वर्षांत मला कुणी असं... मी सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी आले नसते अंगणात. मला अजून एक दिवस ऐकायचं होतं. रोज वाटायचं, अजून एकच दिवस."

सासूबाईंनी झाकण खाली ठेवलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

डॉक्टरिणीनं घसा साफ केला. लशींचा डबा उघडला, बंद केला. "हे बघ," ती शेवटी म्हणाली, "कारण तू शोधलंस, इलाजही अर्धा बरोबर केलास. पण लपवलंस, ते मला आवडलं नाही. शंभर पिल्लं तुला, शंभर गिरणीवाल्यांकडे. चार आठवड्यांनी बघू कुणाची जास्त जगतात. आणि पत्र्याच्या खोलीला कुलूप. किल्ली तुझ्याकडे. हे दोघं आत दिसले तर पिल्लं मी उचलून नेईन."

"खिडकीतून बघितलं तर चालेल ना?" मास्तरांनी विचारलं.

"रिकाम्या हातानं," डॉक्टरीण म्हणाली, आणि स्कूटर चालू करून गेली.

सासूबाई डोळे पुसत आत गेल्या. अंगणात मास्तर आणि सून, आणि भोवती नऊ लठ्ठ जीव, आता काय मिळतंय म्हणून माना वर करून. मास्तरांना वाटलं, आता बोललं पाहिजे. नुसत्या कोंबड्यांना ऐकवून भागायचं नाही. पण शब्द कुठं गेले होते सगळे? लिंबाखाली तर झऱ्यासारखे वाहायचे! ते टेप गळ्यातून काढून गुंडाळायला लागले, गुंडाळून झाल्यावर सोडायला लागले. सून आत जायला वळली.

"थांब," मास्तर म्हणाले.

ती थांबली.

"गुणी आहेस तू. फार गुणी आहेस." कान लाल, नजर टेपवर, आणि शब्द असे भराभर की पुढचा मागच्यावर आदळत होता. "हे मी आधीच म्हणायला हवं होतं. पहिल्याच वर्षी."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरून वाहत होते, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"काय म्हणालात, बाबा?" तिनं विचारलं. "बारा दिवसांत दाराआडून ऐकायची सवय झालीय, समोरून नीट ऐकू आलं नाही. जरा मोठ्यानं म्हणा."

आणि मास्तरांनी, कुंपणापलीकडे दळण घेऊन चाललेल्या दोन बायका थांबल्या तरी न थांबता, मोठ्यानं म्हटलं.